हात लागला की तेल

आमच्या दुकानात नियम एकच, आणि तो बाबांचा. कुलपाला हात लागला की तेल. कुलूप नवं असो की जुनं, गिऱ्हाइकाला नुसती एक जादा किल्ली हवी असो, दुकानातून बाहेर पडणारं कुलूप कुरकुरता कामा नये. "कुरकुर करायला घरात माणसं आहेत की," असं बाबा म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मीही बघून घ्यायची. आई गेल्यापासून घरात कुरकुर करण्याचा हक्क माझ्याकडे आला होता आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही.

दुकान म्हणजे काय, एक बोळवजा खोली. एका भिंतीला किल्ल्यांच्या माळा, दुसऱ्या भिंतीला लाकडी बाक, बाकावर पकडीचा शेगडा, कानशी, कुलपं उघडायचे आकडे, आणि हाताशी लांब चोचीची तेलाची बुधली. किल्ल्या मी घासायची. बंद कुलपं उघडायचं काम माझ्या भावाचं. मी त्याला धाकट्या म्हणायची, तो मला ताई म्हणायचा, तेही काम असलं तरच. पण हात मात्र असा की बाबासुद्धा अडलं की कुलूप मुकाट्यानं त्याच्याकडे सरकवायचे. तो आकडा आत घालायचा, मान वाकडी करून ऐकायचा, आणि म्हणायचा, "बोलतंय. जरा गप्प बसा." कुलूप उघडलं की तेल घालायचा आणि पुन्हा लावून ठेवायचा. उघडं कुलूप बाकावर ठेवणं हा आमच्याकडे दुसरा गुन्हा होता.

लढाई सुरू झाली तसा तो भरती झाला. बाबांना विचारलं नाही, सांगितलं. बाबांनी आठवडाभर तोंड फुगवलं आणि मग जाताना स्वतःचा सगळ्यात बारीक आकडा त्याच्या खिशात घातला. पलटणीत त्याला कारखान्यात घातलं. अडकलेल्या बंदुका, ट्रकची दारं, साहेब लोकांच्या ट्रंका. त्याचं पहिलं कार्ड आलं त्यात लिहिलं होतं, "इथं साहेबांच्या किल्ल्या हरवतात आणि मी सापडतो. लढाई कधी दिसेल ते विचारू नका." ती दिसली पुढे, आणि चांगलीच दिसली. पलटण मागे हटत होती, पूल राखायला थोडी माणसं ठेवली होती, आणि त्यांची मशीनगन सारखी अडकत होती. हा पठ्ठ्या तिच्याजवळ आडवा पडून तिचा खटका दुरुस्त करत राहिला. बाकीची पलटण पार झाली. पूल राखणारे पकडले गेले.

त्यांना जहाजात कोंबून समुद्रापार नेलं. तिथून एकच कार्ड आलं. "थंडी फार आहे. मी बरा आहे. बाबांना सांगा, इथली कुलपं ताईपेक्षा जास्त कुरकुरतात." मी ते कार्ड वाचून त्याला दोन शिव्या घातल्या आणि डब्यात जपून ठेवलं. त्यानंतर सरकारी कागद आला. बंदिवासात असताना आजारानं मृत्यू.

बाबांनी कागद वाचला, घडी केली, आणि शेगड्यात धरलेलं कुलूप पुरं केलं. तेल घातलं, पुसलं, गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. मग आत जाऊन रडले, आणि मीही रडले. पण बाबा खचले नाहीत, हे खरं आहे. "आजार कुणालाही गाठतो," ते म्हणायचे. "त्यात त्याची चूक नाही आणि आपली नाही." या वाक्यावर त्यांनी पुढची कितीतरी वर्षं काढली. मला वाटलं, चला, निभावलं.

मग एके दिवशी दुपारी एक उंच, वाळका माणूस दुकानासमोर येऊन उभा राहिला. नखांत रंग, कानामागे ब्रश. ना हातात कुलूप, ना किल्ली.

"काय हवंय?" मी म्हटलं.

"वस्तादाचं घर हेच ना?" तो म्हणाला.

"इथं वस्ताद दोन आहेत. एक मी आणि एक हे."

"तिसरा," तो म्हणाला. "जो आमच्याबरोबर होता."

मी कानस खाली ठेवली. बाबांनी ठेवली नाही. ते घासतच राहिले, पण स्टूल पायानं पुढे सरकवलं.

रंगारी बसला. तो पुलावरही होता आणि पलीकडच्या छावणीतही. सुटून आल्यावर बरीच वर्षं आजारपणात आणि पोट भरण्यात गेली, म्हणून उशीर झाला, असं म्हणाला आणि त्याबद्दल आधी माफी मागून घेतली. मग जे सांगितलं ते असं.

छावणीत पहिल्याच हिवाळ्यात ताप पसरला. औषधं होती, पण कोठीत कुलूपबंद. छावणीचा साहेब देईल तेव्हा देईल, आणि तो काही देत नव्हता. कोठीला लागूनच पहारेकऱ्याची खोली. धाकट्यानं बाबांचा आकडा बुटाच्या शिवणीत लपवून नेला होता. दिवे मालवले की तो जायचा, कुलूप उघडायचा, थोड्याच गोळ्या घ्यायचा, कुणाच्या लक्षात येणार नाहीत इतक्याच, आणि कुलूप पुन्हा लावून परत यायचा. हिवाळाभर हे चाललं. ताकास तूर लागू दिली नाही. रंगारी म्हणाला, "माझ्या उशाशी त्या गोळ्या आल्या नसत्या तर आज इथं स्टुलावर बसून बोललो नसतो. आणि असा मी एकटा नाही."

"पकडला कसा?" बाबांनी विचारलं. अजून घासतच होते.

"रोजचा पहारेकरी म्हातारा होता, हातमोजे घालून किल्ली फिरवायचा, बघायचा नाही. एक दिवस पहाटेच साहेब स्वतः आला. किल्ली घातली, बाहेर काढली, तर किल्लीच्या दातांवर ताजी पांढरी चरबी. त्यानं आम्हा सगळ्यांना बाहेर रांगेत उभं केलं. म्हणाला, कुलूपवाला कोण ते सांगा, नाहीतर तो सापडेपर्यंत कुणालाच जेवण नाही. आम्ही सगळे मूग गिळून बसलो, कुणी तोंड उघडलं नाही. तर हाच पुढे झाला. आणि गेला तोही ऐटीत. साहेबाला म्हणाला, कुलूप चांगलं आहे हो तुमचं, पण ठेवलंय फार वाईट."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. बोलणं अगदी त्याचंच होतं.

त्याला दगडी कोठडीत टाकलं, पांघरुणाशिवाय. तिथं फुप्फुसं धरली. म्हणजे सरकारनं आजार लिहिलं ते खोटं नव्हतं, नुसतं अर्धं होतं.

"चरबी कशी काय?" बाबांनी विचारलं.

आता रंगाऱ्याला वाटलं आपण बापाला सुखावेल असं काही सांगतोय. बिचारा मनापासून म्हणाला, "तेल कुठलं मिळणार तिथं? हाडांचं कढण मिळायचं, त्यावर चरबीचे डोळे तरंगायचे. स्वतःच्या वाट्याचे ते चमच्यानं काढून ठेवायचा. म्हणायचा, घरचा नियम आहे, हात लागला की तेल."

बाबांची कानस थांबली.

"दर खेपेला घालायचा?"

"दर खेपेला. एकदाही चुकवलं नाही."

बाबा उठले. तेलाची बुधली उचलली, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली, आणि आत निघून गेले. त्या संध्याकाळी ते ताटावर बसून नुसतं पाणी प्याले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, काम केलं, आणि कुलूप कोरडंच गिऱ्हाइकाच्या हातात दिलं. मी म्हटलं, "तेल?" ते म्हणाले, "नाही." तिसऱ्या दिवशी तेच. मी त्यांच्या पाठीमागे बुधली काढली तर त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि परत वर ठेवली. रागावले असते तर मला चाललं असतं, रागाला मी पुरून उरते. पण ते रागावले नव्हते.

शेवटी मीच भांडण काढलं. "काय चाललंय? गिऱ्हाइकं काय म्हणतील?"

"म्हणू देत," ते म्हणाले. "पोरी, नीट ऐक. एकदा तेल घातलं की कुलूप वर्षभर बोलत नाही. पहिल्या खेपेचं तेल कामाचं होतं, ते त्याचं. त्यानंतर घातलेलं सगळं तेल माझं. मी त्याच्या डोक्यात लहानपणापासून घातलेलं. ते घातलं नसतं तर त्या साहेबाची किल्ली कोरडी निघाली असती आणि माझा मुलगा आज इथं बसला असता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय."

मी खूप बोलले. लढाईला दोष दिला, साहेबाला दिला, थंडीला दिला. ते मान हलवत राहिले. कारागीर माणूस, त्याला कारण हाताला लागावं लागतं, तोंडच्या वाफेनं त्याचं समाधान होत नाही. त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. बाकावर बसायचे पण हात मांडीवर. मी भाऊ घालवला होता. आता बापाला असं बाकावर बसल्या बसल्या जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती, आणि काय करावं ते मात्र सुचत नव्हतं. मला सुचत नाही असं फार क्वचित होतं, त्यामुळे मी येईल त्याच्यावर खेकसत होते.

सुचलं ते भांडी घासताना. गारठ्याची सकाळ होती. आदल्या दिवशी बाबांच्या अंगात ताकद यावी म्हणून हाडांचंच कढण केलं होतं, ते त्यांनी जेमतेम चाखलं होतं, आणि पातेलं तसंच राहिलं होतं. आत पांढरा थर, मेणासारखा घट्ट. बोटानं निघेना, चमच्यानं खरवडावा लागला. मी तो चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. मग ओल्या हातांनी बाहेर पळाले.

रंगारी गेला नव्हता. आपल्यामुळे काहीतरी बिघडलं हे त्याला कळलं होतं, आणि दुकानाची पाटी फुकट रंगवून देतो म्हणून तो शिडीवर चढून बसला होता. मी खालूनच विचारलं, "ती चरबी तो ठेवायचा कशात?"

"बाटलीच्या पत्र्याच्या बुचात, वर चिंधी कोंबून."

"आणि ते बूच?"

"काखेत. दिवसभर काखेतच असायचं."

"काखेत का?"

"गोठायची ना बाहेर. दगड व्हायचा तिचा."

"मग हे आधी सांगायला काय तोंडात रंग धरला होता?"

तो शिडीवरून माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काही समजलं नव्हतं. मी आत गेले आणि पातेलं बाबांच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं एकदा घातलेलं तेल," मी म्हटलं. "तुमच्या बुधलीतलं नाही, हे. त्या थंडीत हे कुलपात वर्षभर टिकलं असतं?"

बाबांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस."

"मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून आजवर कधी बोललेय?"

हे त्यांना पटलं. पण तेवढंच पटलं. "माझा विश्वास तुझ्यावर नाही, माझ्यावरही नाही," ते म्हणाले. "कुलूप सांगेल ते खरं."

भंगाराच्या पेटीतून रंगाऱ्यानं एक जाडजूड गंजकं कुलूप निवडलं. असलंच होतं, म्हणाला, फक्त याहून मोठं. बाबांनी माझ्या हातात काही दिलं नाही. चरबी स्वतः गरम केली, स्वतः आत सोडली, आकड्यानं उघडून-लावून बघितलं. कुलूप लोण्यासारखं फिरलं. मग ते कापडात गुंडाळून बाबा आमच्या गल्लीच्या टोकाच्या बर्फाच्या कारखान्यात गेले. मागोमाग मी, माझ्या मागे रंगारी.

बर्फवाला बाबांच्याच वयाचा, जीभ माझ्यासारखी. "आता कुलपं गार करून विकणार काय?" त्यानं विचारलं.

"ठेव लाद्यांच्या मध्ये," बाबा म्हणाले. "सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. माझ्या मुलीनं तर मुळीच नाही."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्यांचं चुकलं नव्हतं. कुलपात चमचाभर पाणी सोडलं तर ते नक्की आखडेल, हे माझ्या मनात घरून निघतानाच येऊन गेलं होतं. मी ते केलं नाही. खोट्या कुलपानं त्यांना आठवडाभर बरं वाटलं असतं, आणि मग त्यांच्या बोटांनी ते ओळखलं असतं. पण घरी गेल्यावर माझी तंतरली. कुलूप जर गुपचूप फिरलं, तर माझ्याच हट्टानं मी त्यांच्या म्हणण्यावर शिक्का मारून बसणार होते. हात दाखवून अवलक्षण. मग त्यांना बाकावरून उठवणारं जगात काही उरलं नसतं.

सकाळी आम्ही तिघं पुन्हा कारखान्यात गेलो. आत लाकडाचा भुसा, लाद्यांमधून वाफ, आणि बाहेर यंत्राची घरघर. बर्फवाला यंत्राशी होता. बाबांनी कुलूप कापडात धरून बाहेर काढलं, आकडा आत घातला आणि मान वाकडी केली. धाकटा करायचा तशीच. तोपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की ती मान त्यानं बाबांकडून घेतली होती.

आकडा हलेना. बाबांनी जोर लावला. काही नाही. त्यांनी श्वास घेऊन आणखी जोर लावला, आणि कुलूप असं किंचाळलं की माझे दात आंबले.

बाहेरून बर्फवाला धावत आला. "काय झालं? कोण ओरडलं?"

बाबा कुलपाकडे बघत होते. त्यांनी ते लावलं, ते पुन्हा ओरडलं. उघडलं, पुन्हा ओरडलं. यंत्र चालू असताना, दार मधे असताना बर्फवाल्याला ऐकू गेलं होतं. छावणीत तर पहारेकरी भिंतीपलीकडे झोपलेला असायचा.

बाबांनी मान न वळवता हात मागे केला. रंगाऱ्यानं शर्टाच्या आत हात घातला आणि काखेतून एक बूच काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बुचात पातळ, कोमट चरबी होती. बाबांनी ती आकड्यावरून कुलपात सोडली, थोडं थांबले, आणि फिरवलं. कुलूप उघडलं. मी शेजारी उभी होते, मला काही ऐकू आलं नाही.

"दर खेपेला लागलंच असतं," बाबा म्हणाले.

"लागलंच असतं," मी म्हटलं. "नाहीतर दुसऱ्याच खेपेला पकडला गेला असता. आणि हे उभे नसते इथं." मी रंगाऱ्याकडे बोट दाखवलं. तो भुशात बघत उभा होता, त्याचे खांदे हलत होते.

"म्हणजे त्यानं माझं ऐकलं नाही," बाबा म्हणाले. "कुलपाचं ऐकलं."

"तो तुमचं ऐकायचा तरी कधी?"

बाबा हसले. किती दिवसांनी हसले. हसता हसता त्यांचा चेहरा मोडला आणि ते लादीवर हात टेकून रडायला लागले, बर्फवाल्यासमोर, रंगाऱ्यासमोर, कुणाची पर्वा न करता. मी त्यांचा हात बर्फावरून काढून माझ्या हातात धरला. गार पडला होता. मी तो चोळत राहिले आणि माझंही रडून झालं.

मग त्यांनी डोळे पुसले, ते कुलूप उचललं, आणि माझ्याकडे बघितलं.

"बरोबर लिहिलं होतं त्यानं," ते म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्त कुरकुरतं."

दुकानात आल्यावर त्यांनी स्टूल ओढलं, वर चढून बुधली खाली घेतली, आणि मला आठवडाभरात कोरडी गेलेली सगळी कुलपं गिऱ्हाइकांकडून परत आणायला पाठवलं.